ड्रमसेटशिवाय ड्रम

‘आधी ड्रमसेट घेऊ, मग शिकू’ म्हणणाऱ्यांचं शिकणं बहुधा राहूनच जातं. सेट महाग, जागा अडवणारा आणि फ्लॅटमध्ये तर शेजाऱ्यांच्या सहनशक्तीबाहेरचा. पण पाया सेटवरच घालावा लागतो, हा मुळातच गैरसमज आहे.

बॉस्टनचे शिक्षक जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं ‘स्टिक कंट्रोल’ १९३५ साली आलं. ड्रमर आजही त्यावर रियाज करतात आणि त्याला दोन स्टिक व सरावाचा एक पॅड पुरतो. सुरुवातीला नुसत्या हातांच्या जोडण्या आहेत: उजवा-डावा-उजवा-डावा, मग दोन उजवे दोन डावे, मग उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, म्हणजे पॅराडिडल. प्रत्येक ओळ न थांबता २० वेळा वाजवायची, ही स्टोन यांची अट. त्यांचे शिष्य जो मोरेलो याच ओळींत आपल्या मनाने जोरकस आघात घालू लागले. त्यातून स्टोन यांचं पुढचं पुस्तक १९६१ मध्ये निघालं. ‘टेक फाइव्ह’ या जॅझ रचनेतला पाच मात्रांचा सोलो या मोरेलोंचाच.

मग पॅडऐवजी उशी चालेल? मनगटाला व्यायाम म्हणून थोडा वेळ चालेल. पण पडलेली स्टिक उसळते, ती उसळी बोटांनी सांभाळणं हेच खरं तंत्र, आणि उशी नेमकी ती उसळीच शोषून घेते. रबरी पॅडच घ्या. मेट्रोनोम मोबाइलवर फुकट मिळतो. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीला समान आघात वाजवणं वेगाने वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे पहिल्याच दिवशी कळतं.

पायांचा सराव सेटशिवाय होत नाही, हेही खरं नाही. खुर्चीत बसून चार मात्रा मोजा. उजवा हात उजव्या मांडीवर मात्रेला दोन, डावा हात दुसऱ्या-चौथ्या मात्रेला, उजवा पाय पहिल्या-तिसऱ्या मात्रेला. झाला रॉकचा साधा ठेका. तो तोंडानेही म्हणा. तबल्यात पढंत उगाच नाही.

मात्र पॅडवर सगळंच येतं, हा उलटा गैरसमजही नको. पेडलच्या स्प्रिंगचा जोर, झांजेवरचा हलका हात, स्नेअरपासून फ्लोअर टॉमपर्यंतचं अंतर पॅडवर कळत नाही. त्यासाठी अधूनमधून जॅमरूम तासावर भाड्याने घ्यावी. तिथे तोच साधा ठेका वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि उजव्या हाताचा हाय-हॅट डाव्या हाताच्या स्नेअरला झाकून टाकतोय का, ते ऐका. नवशिक्यांचा बहुतेक वेळा झाकतोच.