मेंदूतील अर्बुदांच्या मूलपेशी व त्यांच्या खुणा

गेल्या पावसाळ्यात खालापूर तालुक्यातून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या वडिलांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतरचा विकृतिविज्ञानाचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. "सर, ह्यात काही ठिकाणी 'पॉझिटिव्ह' लिहिले आहे नि एका ठिकाणी 'निगेटिव्ह'. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलेच ना?" असा तिचा प्रश्न होता. शिवाय कुणा हितचिंतकाने 'कर्करोगाच्या मूलपेशींच्या खुणा तपासून घ्या, म्हणजे रोगाचे मूळच सापडेल' असा सल्ला दिला होता व त्या तपासणीसाठी घरी एखादा दागिना मोडण्याचा विचार चालला होता. अहवालाचा अर्थ सांगणे हे वैद्याचे काम, भाषाशास्त्राच्या अध्यापकाचे नव्हे, हे मी तिला सांगितले. परंतु 'पॉझिटिव्ह', 'खूण' व 'मूळ' ह्या तीन शब्दांनी त्या कुटुंबास जसे चकविले होते, तसे ते पुष्कळ सुशिक्षितांसही चकवितात. म्हणून ह्या विषयाचे विवेचन येथे करावयाचे योजिले आहे.

प्रथम 'मूलपेशी' ह्या शब्दाकडे पाहू. इंग्रजी व जर्मन भाषांतील संज्ञांत खोडाची कल्पना आहे. एका खोडास अनेक फांद्या फुटाव्यात तशा एका पेशीपासून अनेक प्रकारच्या पेशी निपजतात, एवढाच तिचा आशय. मराठीत 'मूल' आले आणि त्याबरोबर 'मूळ उपटले की झाड मेले' हा शेतकऱ्याचा न्यायही नकळत आला. शास्त्रात मात्र मूलपेशीची व्याख्या तिच्या कार्यावरून केली जाते. जी पेशी विभाजनाने स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करते आणि जिच्यापासून भिन्न कार्यांच्या पेशीही निपजू शकतात, ती मूलपेशी होय. अर्बुदाच्या बाबतीत ह्यात आणखी एक कसोटी मिळवितात. प्रयोगशाळेतील प्राण्याच्या शरीरात ती पेशी घातली असता तेथे मूळ अर्बुदासारखेच अर्बुद उत्पन्न झाले पाहिजे.

ही कसोटी महिनोन्‌महिने चालते. तेव्हा पेशीकडे नुसते पाहून ती ओळखता यावी अशी खूण शोधणे ओघानेच आले. ही खूण म्हणजे सामान्यतः एखादे प्रथिन असते. त्या प्रथिनास नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करून त्यास रंग अथवा प्रकाशमान द्रव्य जोडतात. ज्या पेशीवर ते बसते ती पेशी 'पॉझिटिव्ह'. रंग बसला, एवढाच ह्या शब्दाचा अर्थ आहे. शुभाशुभाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ह्या खुणांच्या नावांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकास मोठा मनोरंजक वाटेल. 'नेस्टिन' हे १९९० साली वर्णिलेले नाव मज्जा-उपकलेच्या मूलपेशींच्या इंग्रजी नामातील अक्षरे जुळवून केलेले आहे. 'मुसाशी' हे नाव दोन तलवारींनी लढणाऱ्या जपानी योद्ध्याचे. ह्या जनुकात बिघाड झालेल्या फळमाशीस एका केसाच्या जागी दोन केस येतात, म्हणून ते दिले गेले. 'केआय-६७' ही विभाजनाची खूण. जर्मनीतील कील हे नगर आणि तेथील प्रयोगाच्या तबकडीतील ६७ क्रमांकाचा खळगा ह्यांवरून ते नाव पडले. 'सीडी' ही अक्षरे पेशीपृष्ठावरील खुणांचे वर्गीकरण दर्शवितात. त्या वर्गीकरणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८२ साली पॅरिस येथे भरली होती. थोडक्यात, ही नावे यदृच्छेने पडलेली आहेत. नावावरून खुणेचे कार्य ओळखू जाणे व्यर्थ होय.

सर्व खुणांत गाजली ती 'सीडी-१३३'. १९९७ साली हे प्रथिन दोन स्वतंत्र वाटांनी सापडले. पेशीच्या पृष्ठावरील उंचवट्यांत ते आढळते म्हणून त्यास 'प्रॉमिनिन' असेही म्हणतात. टोरांटो येथील शीला सिंग, पीटर डर्क्स व त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ साली मानवी मेंदूच्या अर्बुदांतून ही खूण असलेल्या व नसलेल्या पेशी वेगळ्या केल्या व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांच्या मेंदूत घातल्या. खूण असलेल्या अवघ्या १०० पेशींपासून अर्बुद निर्माण झाले. खूण नसलेल्या १,००,००० पेशींपासून ते झाले नाही. जिवंत पेशी अशा निवडता आल्या, कारण ही खूण पृष्ठावर आहे. नेस्टिन पेशीद्रवात व 'सॉक्स-२' केंद्रकात असते. त्यांचे रंजन करावयाचे तर प्रतिपिंड आत शिरावे म्हणून पेशी आधी स्थिर, म्हणजेच मृत, करावी लागते. २००६ साली असेही दिसून आले की, किरणोपचाराने झालेली जनुकद्रव्याची हानी सीडी-१३३ धारण करणाऱ्या पेशी अधिक तत्परतेने दुरुस्त करतात. मग रोग पुनःपुन्हा का उलटतो ह्याचे उत्तर सापडले, असे पुष्कळांस वाटले.

तथापि पुढे ह्या मांडणीस तडे गेले. २००७ साली काही अर्बुदांत सीडी-१३३ नसलेल्या पेशींपासूनही अर्बुद होते असे दिसले. शिवाय, नेहमी वापरले जाणारे प्रतिपिंड ह्या प्रथिनाचे जे रूप ओळखते, ते त्यावरील शर्करा-साखळ्यांच्या घडणीशी निगडित आहे. म्हणून प्रथिन असूनही खूण न दिसणे शक्य आहे. २०१४ साली तर असे सिद्ध झाले की, ग्लिओब्लास्टोमाच्या विभेदित पेशींत चार नियामक प्रथिने कार्यान्वित केली असता त्या पुन्हा मूलपेशींसारख्या होतात. २०१९ साली एकेका पेशीच्या परीक्षणावरून ह्या अर्बुदातील पेशी चार मुख्य अवस्थांत वावरतात व एका अवस्थेतून दुसरीत जाऊ शकतात असे दाखविण्यात आले.

ह्यास आपल्या परिसरातील दृष्टान्त देता येईल. कर्जत-खालापूर भागातील आगरी बोलणारा मनुष्य घरी 'पानी' म्हणतो, 'गाडी'स 'गारी' म्हणतो. तोच कर्जतला लोकलमध्ये बसून मुंबईच्या कचेरीत गेला की 'पाणी' व 'गाडी' म्हणतो. कचेरीच्या दारात बसून 'गारी' म्हणणारे तेवढे आगरी असे जर सर्वेक्षकाने मोजले, तर त्याची गणना फसेल. येथे खूण खोटी नाही. परंतु ती मनुष्याची जात सांगत नसून त्या घटकेची परिस्थिती सांगते. सीडी-१३३ ची गत पुष्कळ अंशी अशीच आहे. 'मूलपेशी' हे एखाद्या पेशीचे कायमचे कुलनाम नसून ती अर्बुदपेशीने घेतलेली एक अवस्था आहे, असे मानण्याकडे आज अभ्यासकांचा कल आहे. अशा वेळी 'मूळ उपटणे' हे रूपक निरुपयोगी ठरते. पानाच्या कडेलाही अंकुर फुटणारी पानफुटी येथे अधिक जवळची.

ह्या संशोधनात आपला प्रदेशही मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरास व सहकाऱ्यांनी, अर्बुद न करणाऱ्या मूलपेशीसदृश मानवी पेशीवाणापासून अर्बुद करणारे वाण आपोआप उद्भवल्याचे २००७ साली प्रसिद्ध केले. रायगड जिल्ह्यातच, खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यात, खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'अॅक्ट्रेक' ही संस्था आहे. तेथे डॉ. शिल्पी दत्त व सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले की, किरणोत्सर्गातून वाचलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींपैकी काही एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड पेशी बनतात, काही काळ विभाजन थांबवितात व कालांतराने पुन्हा वाढीस लागतात. ह्या संशोधनाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पेशीवर कोणती खूण आहे हे आधी न विचारता, उपचारानंतर कोण उरले व उरलेले काय करते, हे त्यांनी पाहिले. कार्यावरून व्याख्या करण्याचा हाच मार्ग होय.

ह्या शोधांचे मोल मोठे आहे, कारण रोग दुर्धर आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांत केवळ किरणोपचाराने मध्यम आयुर्मान १२.१ महिने होते, ते टेमोझोलोमाइड ह्या औषधाची जोड दिल्यावर १४.६ महिने झाले. उरलेल्या पेशी ओळखता आल्याखेरीज ह्यापुढे मोठी मजल मारणे कठीण.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नांकडे वळू. तिच्या हातातील अहवालात ज्या खुणा होत्या त्या मूलपेशींच्या म्हणून तपासलेल्या नव्हत्या. अर्बुदाचा प्रकार ठरविण्यासाठी त्या नेहमीच पाहतात. त्यांपैकी आयडीएच-१ ची चाचणी 'पॉझिटिव्ह' असती, तर ते सामान्यतः तुलनेने मंदगती अर्बुदाचे लक्षण ठरले असते. उलट केआय-६७ चे प्रमाण जितके अधिक, तितके विभाजन अधिक. एकाच पानावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द असा दोन दिशांना बोट दाखवितो. राहिला दागिन्याचा प्रश्न. सीडी-१३३ अथवा नेस्टिन पाहून उपचार ठरविण्याची पद्धत आज रूढ नाही. त्या खुणा अद्याप प्रयोगशाळेच्या आहेत, रुग्णालयाच्या नव्हेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांस हेच विचारून खात्री करून घ्यावी असे मी तिला सुचविले. त्यांनीही तसेच सांगितले व तपासणीचा बेत रहित झाला. ते पैसे पुढे किरणोपचाराच्या दिवसांत खोपोलीहून मुंबईस जाण्यायेण्याच्या व राहण्याच्या खर्चास उपयोगी पडले.

चिन्ह आणि चिन्हित ह्यांत भेद करावा, हा भाषाशास्त्राचा पहिला पाठ आहे. तो वर्गाबाहेरही किती कामाचा आहे, हे मला त्या अहवालाने शिकविले.