चुकांचे व्याकरण

'शी मॅरिड विथ हिम' असे वाक्य वहीत दिसले की शिक्षकाचा लाल पेन 'विथ'वर आडवा जातो. चूक आहेच, पण ती कुठून आली तेही उघड आहे. मराठीत लग्न 'त्याच्याशी' होते, त्या 'शी'ची मुलीने इंग्रजीत सोय लावली. दोन भाषा शेजारी ठेवून पाहिल्या तर अशा अडचणी आधीच हेरता येतील, असे रॉबर्ट लाडो यांनी 1957 मध्ये मांडले आणि पुढे बरीच वर्षे मातृभाषा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. आरोपात तथ्य होते, पण अर्धेच. कारण तीच मुलगी 'ही गो टु स्कूल'ही लिहिते, आणि त्याचे खापर मराठीवर फोडता येत नाही. 'मी जाते, तू जातेस, ते जातात' असे पुरुषागणिक रूप बदलणारे क्रियापद ती घरी दिवसभर बिनचूक वापरत असते. मग इंग्रजीतला एवढासा 'स' का सुटतो?

या प्रश्नाने इंग्रजी अध्यापनाचा विचारच बदलला. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये सांगितले की शिकणाऱ्याच्या चुका या त्याच्या शिकण्याचा पुरावा असतात. 'कॅच्ड' हे रूप मुलाला कुणी शिकवलेले नसते, पुस्तकातही नसते. भूतकाळाचा नियम त्याने स्वतः काढला आहे, तो फक्त जरा जास्त ताणला आहे. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये या मधल्या अवस्थेला अंतरभाषा म्हटले: मातृभाषा नाही, इंग्रजीही नाही, पण स्वतःचे नियम असलेली. 1974 मध्ये हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांचे इंग्रजी तपासले, तेव्हा रूपे आत्मसात होण्याचा क्रम दोन्हीकडे बराच सारखा निघाला, आणि तो 'स' दोघांकडेही उशिरा आला. या क्रमाबद्दल पुढे वाद झाले, तेही रास्त होते. ज्यांच्या भाषेत उपपदेच नाहीत त्यांना 'अ' आणि 'द' फार उशिरा जमतात. मराठीभाषकाला हे वेगळे सांगायला नको. म्हणजे काही चुका घरून येतात, काही वाटेत घडतात. दोन्हींवर एकच लाल रेघ ओढणे हे निदान न करता औषध देणे झाले.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चुका चालवून घेतल्या तर त्या हाडीमाशी मुरतात. आक्षेप पोकळ नाही. सेलिंकर यांनीच अशा मुरलेल्या चुकांची दखल घेतली होती. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही व्याकरणशुद्ध बोलता येत नव्हते, यावर मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये बोट ठेवले. नुसते समजून पुरत नाही, बोलावे-लिहावे लागते, असे त्यांचे म्हणणे. पण त्यातून 'प्रत्येक चूक दुरुस्त करा' असे निघत नाही. तशाच कॅनडातील वर्गांत रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी 1997 मध्ये पाहिले की शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या म्हणजे विद्यार्थ्याचे वाक्य स्वतः बरोबर करून म्हणून दाखवणे. त्यांतल्या जेमतेम 31 टक्क्यांना विद्यार्थ्यांकडून काही प्रतिसाद आला. शिक्षकाने थांबून 'पुन्हा सांग बघू' म्हटले, तर मूल आपले आपण दुरुस्त करण्याची शक्यता जास्त होती.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमायचे, हा दुसरा आक्षेप. एन. एस. प्रभू यांचा 1979 ते 1984 मधला बंगळूर प्रकल्प दक्षिण भारतातल्या साध्या शाळांतच झाला. नकाशे, रेल्वेचे वेळापत्रक अशा कामांत मुले गुंतली, व्याकरण वेगळे शिकवले गेले नाही, चूक बोलण्याच्या ओघातच सुधारली जाई. मूल्यमापनाचे निष्कर्ष सावधपणे अनुकूल होते, क्रांतिकारक नव्हेत. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, पण दहावीला पोचेपर्यंत 100 पैकी 80 गुण लेखी परीक्षेचे असतात. तिथे 'विथ' खोडले जाते, त्याचा गुण कापला जातो, आणि 'शी' कुठून आला हे विचारायला उत्तरपत्रिकेत जागा नसते. ही चौकशी आधीच्या नऊ वर्षांत वर्गातच व्हायला हवी, आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या शिक्षकाकडे आहे: त्याला मुलांची मराठी येते, जी लंडनहून आलेल्या तज्ज्ञाला येत नाही.