जांभळी जीभ

हत्तीच्या पिल्लाला तोंड उघडायला शिकवणं फारसं अवघड नसतं. गुळाचा खडा नाहीतर केळं पुढे धरलं की सोंड वर जाते, ओठ सुटतात आणि गुलाबी, मांसल जीभ दिसते. तेवढ्या वेळात माहुताने जिभेचं टोक आणि कडा पाहून घ्यायच्या. रंग नेहमीचा असेल तर दिवसही नेहमीचा. पण कडेला निळसर-जांभळी झाक दिसली, तर काल संध्याकाळी आईला ढुशा देत खेळणारं पिल्लू उद्या असेलच असं सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर, जिभेवर रंग उतरेपर्यंत उशीरच झालेला असतो.

ही झाक आणणारा विषाणू म्हणजे, नागीण आणि कांजिण्या ज्या हर्पीस कुळातल्या विषाणूमुळे होतात, त्याच मोठ्या कुळाची हत्तींमधली शाखा. नाव लांबलचक आहे, एलिफंट एंडोथेलिओट्रॉपिक हर्पीसव्हायरस. पशुवैद्य नुसतं ‘ईईएचव्ही’ म्हणतात. एंडोथेलियम म्हणजे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. विषाणू या अस्तराच्या पेशींत वाढतो, त्या मरतात आणि केसासारख्या बारीक वाहिन्या झिरपू लागतात. रक्त अंगातच असतं, पण वाहिन्यांत राहत नाही. डोकं आणि मान सुजते, हृदयावर रक्ताचे ठिपके उठतात, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचतं. साधारण एक ते आठ वर्षांची पिल्लं याला सर्वाधिक बळी पडतात. लक्षणं दिसल्यापासून मृत्यूपर्यंत कधी कधी एक दिवसही जात नाही.

पिंजऱ्याचा रोग?

डिसेंबर १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात एक आशियाई हत्तीण जन्मली. त्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेलं हत्तीचं ते पहिलंच पिल्लू. तिचं नाव ठेवलं कुमारी. एप्रिल १९९५ मध्ये, सोळा महिन्यांची असताना, ती अचानक गेली. तिच्या ऊतींचा अभ्यास करणाऱ्या पशुविकृतितज्ज्ञ लॉरा रिचमन यांना रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आजवर नोंद नसलेला हर्पीस विषाणू सापडला. तसाच एक मृत्यू १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्कशीतल्या हत्तिणीच्या बाबतीत नोंदला गेला होता. इतर ठिकाणी जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले गेले आणि १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात रिचमन व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. कारण न कळता गेलेल्या अनेक पिल्लांच्या मृत्यूचा उलगडा होऊ लागला.

हिशोब धक्कादायक होता. युरोप आणि उत्तर अमेरिकेत दोन दशकांत दगावलेल्या तीन महिने ते पंधरा वर्षं वयाच्या आशियाई हत्तींपैकी ६५ टक्क्यांपर्यंत मृत्यू या रोगाच्या खाती जमा झाले. संशय साहजिकच माणसावर आला. आफ्रिकी आणि आशियाई हत्ती निसर्गात कधी भेटत नाहीत. प्राणिसंग्रहालयांनी आणि सर्कशींनी त्यांना एका छपराखाली आणलं, तिथेच विषाणूने एका जातीतून दुसरीत उडी मारली असणार, असा तर्क पुढे आला. म्हणजे हा पिंजऱ्याचा रोग आणि रानातले हत्ती सुरक्षित.

दक्षिण भारतातून आलेलं उत्तर

हा तर्क दक्षिण भारतातल्या नमुन्यांनी मोडला. केरळ वनविभागाचे पशुवैद्य अरुण झकारिया आणि सहकाऱ्यांनी जंगलात व छावण्यांत जागेवरच केलेल्या शवविच्छेदनांतून ऊती जमवल्या होत्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रानातली आणि छावणीतली अनाथ पिल्लं मिळून नऊ प्रकरणं सिद्ध झाली. एकाच छावणीत तीन दिवसांच्या आत गेलेल्या दोन पिल्लांमधल्या विषाणूची जनुकीय अक्षरं तंतोतंत जुळली, म्हणजे दोघांनाही लागण एकाच ठिकाणाहून झाली होती. बाकीच्यांचे विषाणू मात्र एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले. पाश्चात्त्य देशांतल्या तीसहून अधिक नमुन्यांत मिळून जेवढी विविधता होती, तेवढीच या मूठभर भारतीय नमुन्यांत दिसली.

नव्याने शिरलेला विषाणू सगळीकडे जवळजवळ एकसारखा असतो. इतके फाटे फुटायला फार मोठा काळ लागतो. तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की या विषाणूचे प्राणघातक प्रकार आशियाई हत्तींचेच आहेत, फार प्राचीन काळापासूनचे. आफ्रिकी हत्तींचे प्रकार वेगळे. तेही निरुपद्रवी नाहीत, २०१९ मध्ये इंडियानापोलिसच्या प्राणिसंग्रहालयात दोन आफ्रिकी पिल्लं त्यांच्यामुळेच गेली.

इथे रोगावर ‘पाळत’ ठेवण्याचा अर्थच बदलतो. लाळ्या-खुरकुतासारखा रोग बाहेरून येतो, तेव्हा त्याला वेशीवर अडवता येतं. हा मात्र कळपातच मुरलेला आहे. धडधाकट आजी-मावश्यांच्या अंगात तो निपचित पडून असतो आणि अधूनमधून सोंडेच्या स्रावातून बाहेर पडतो. कळपात विषाणू आहे का, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. विचारायचं ते एवढंच, की या पिल्लाच्या रक्तात तो आज वाढायला लागला आहे का, आणि आपल्या हाती किती तास आहेत.

तास कसे मिळतात

मोठ्या हत्तींकडून नमुना घेण्याची युक्ती क्षयरोगाच्या तपासणीतून आली. सोंडेत निर्जंतुक मिठाचं पाणी ओततात, माहुताच्या इशाऱ्यावर हत्ती सोंड वर धरतो, मग खाली करून स्वच्छ पिशवीत फुंकतो. त्या फेसाळ, मातकट पाण्यात विषाणूचा डीएनए आहे का, हे पीसीआर चाचणी सांगते. करोनाने घराघरांत पोचवलेला हा शब्द हत्तींच्या डॉक्टरांना त्याच्याही आधीपासून रोजचा होता. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात पॉल लिंग यांच्या गटाने तिथल्या प्राणिसंग्रहालयाबरोबर या चाचण्या घडवल्या.

पिल्लांचं मात्र रक्तच लागतं. कानामागच्या शिरेत सुई जाईपर्यंत त्याने उभं राहायचं, ही शिकवण महिनोन्‌महिने चालते. चांगल्या प्राणिसंग्रहालयांत धोक्याच्या वयातल्या पिल्लाचं रक्त दर आठवड्याला तपासतात. लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच विषाणूचा आकडा चढू लागतो, आणि त्याच सुमारास प्लेटलेट व मोनोसाइट या पेशी घटतात. इथे एक गंमत आहे. माणसाच्या मोनोसाइटचं केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं, हत्तीचं मात्र बऱ्याचदा दोन पाळ्यांचं असतं. माणसांसाठी बनवलेलं यंत्र त्यांना दुसऱ्याच पेशी समजून मोजतं. शेवटी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून, हत्तीचं रक्त ओळखणाऱ्या डोळ्यांनीच मोजावं लागतं.

तिसरा धागा प्रतिपिंडांचा. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरलं आणि स्वतःचं अजून तयार झालं नाही, अशा कात्रीत सापडलेली पिल्लं दगावतात. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत दगावलेल्या पिल्लांच्या रक्तात प्रतिपिंडं कमीच आढळली. आईच्या छत्राखाली असतानाच थोडी लागण होऊन गेली, तर पिल्लू निभावतं.

वेळेत कळलं, तर माणसांच्या नागिणीवरचं फॅमसायक्लोविर हे औषध देतात. गोळ्यांची भुकटी बहुधा गुदद्वारातून द्यावी लागते. जोडीला सलाइन आणि मोठ्या हत्तीच्या रक्तातला प्लाझ्मा. या उपचारांनी काही पिल्लं वाचली आहेत, सगळी नाही. हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवता आलेला नाही, त्यामुळे औषध त्याच्यावर कितपत चालतं हे बाटलीत तपासायची सोयच नाही.

रानात घड्याळ उलटं

रानातल्या पिल्लाची जीभ कोण पाहणार? तिथे पाळत मृत्यूनंतर सुरू होते, आणि तीही कलेवर वेळेत सापडलं तर. उन्हात हत्तीचं शव झपाट्याने कुजतं. शिवाय नाका-तोंडातून न गोठलेलं काळं रक्त वाहत असेल, तर अँथ्रॅक्सचा संशय धरून आधी रक्ताची पट्टी तपासावी लागते. ती स्वच्छ निघाल्याशिवाय शव उघडायचं नाही. उघडल्यावर हृदय, जीभ, यकृत, प्लीहा यांचे तुकडे दोन वाट्यांत जातात. एक वाटा फॉर्मॅलिनमध्ये, पेशी पाहण्यासाठी. दुसरा बर्फात किंवा अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. घाईत सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं, तर डीएनएचे तुकडे पडतात आणि पीसीआरचं काम अवघड होतं. पंचनाम्यात मग ‘अज्ञात आजार’ एवढंच उरतं.

जिवंत हत्तींसाठी चावून टाकलेला चारा आणि लीद तपासून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशाच्या डीएनए-आधारित हत्तीगणनेत २१,०५६ लिदीचे नमुने गोळा झाले आणि रानात २२,४४६ हत्ती असल्याचा अंदाज निघाला. डोकी मोजण्यासाठी एवढी पायपीट होऊ शकते, तर रोगासाठीही होऊ शकते.

गरज आहे, हे आपल्याकडच्या मृत्यूंनी दाखवलंय. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ओडिशाच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात महिनाभरात चार तरुण हत्ती या विषाणूने गेले. २०२१ मध्ये केरळच्या कोट्टूर केंद्रात दोन पिल्लं गेली. लसही आता दाराशी आली आहे. जून २०२४ मध्ये ह्यूस्टनमध्ये टेस नावाच्या चाळीस वर्षांच्या हत्तिणीला एमआरएनए लस टोचली गेली, आणि इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात सरे विद्यापीठाच्या साथीने वेगळ्या पद्धतीच्या लसीची तीन प्रौढ हत्तींवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले: लस सुरक्षित आहे आणि शरीर तिला प्रतिसाद देतं. पिल्लांचे जीव ती किती वाचवते, हे काळच सांगेल.

आपल्या राज्यात वनविभागाची हत्तींची छावणी गडचिरोलीतल्या कमलापूरला आहे. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेला रानटी कळपही त्याच जिल्ह्यात फिरतो. एकीकडे माहूत आणि चाराकटर आहेत. कोणतं पिल्लू आज चाऱ्यावर मन लावत नाही, कोण दुपारी झोपलंच नाही, हे त्यांना कुठल्याही चाचणीआधी कळतं. दुसरीकडे कळपामागे रात्र-रात्र चालणारा वनरक्षक आहे. माहुताची कुरबूर त्याच दिवशी वहीत उतरली आणि तिच्यावरून रक्त काढलं गेलं, तर पिल्लाला दोन दिवस मिळतील. वनरक्षकाच्या पिशवीत फॉर्मॅलिनखेरीज अल्कोहोलची एक बाटली असली, तर रानात गेलेल्या पिल्लाचा मृत्यू पुढच्या पिल्लासाठी काहीतरी सांगून जाईल. वही आणि बाटली, दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत बसतात.