बालमनातील पत

‘संध्याकाळी आणतो’ म्हणून पेढीकडे निघालेले वडील तो शब्द विसरतात. मूल तो मांडून ठेवते. हा हिशेब अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड या डॉक्टरेटच्या विद्यार्थिनीने प्रयोगाने तपासला.

त्यापूर्वी स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग विख्यात होता. मुलापुढे एक मार्शमेलो ठेवायचा (जिलेटिनमुळे जैन घरात तो वर्ज्यच) आणि थांबल्यास दुसरा द्यायचा. थांबणारा तो संयमी, असा समज रूढ झाला. किड यांनी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केले होते. तेथील मूल खाऊ लगेच संपवील, कारण तो टिकण्याचा भरवसाच नाही, असे त्यांना वाटले.

त्यांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुले निवडली. प्रथम चित्रकामाचे अधिक चांगले साहित्य देण्याचे वचन दिले. निम्म्यांना ते मिळाले. उरलेल्यांची दोनदा निव्वळ क्षमा मागण्यात आली. नंतर मार्शमेलो पुढे आला. वचन पाळले गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, निराश झालेली अवघी ३. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ निघाली. दुसऱ्या गटात एकच.

मुले थोडी होती, हे खरे. संयमाची परीक्षा मात्र मुलाइतकीच वचन देणाऱ्याचीही ठरली.