जाताना प्रयाग, येताना पाटणा

बचतीचे पैसे साठवून काशीयात्रा करायची आणि त्या निमित्ताने एकदा तरी विमानात बसायचं, असा बेत आता आपल्या गावांतूनही ऐकू येतो. बेत ठरला की पहिला प्रश्न तिकिटाचा. ज्या शहरात विमानाने उतरलो, तिथूनच परत यायला हवं का?

तसं काही बंधन नाही. उतरायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्या शहरातून, असं तिकीट काढता येतं. आपल्या यात्रेला तर तेच सोयीचं.

जुन्या बायका त्रिस्थळी यात्रा म्हणायच्या, म्हणजे प्रयाग, काशी आणि गया. नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला तो याच तीन क्षेत्रांवर, आणि त्यांचं घराणं मूळचं आपल्या शेजारच्या पैठणचं. नकाशा पाहिला तर ही तिन्ही गावं पश्चिमेकडून पूर्वेकडे माळेत ओवल्यासारखी आहेत. प्रयागराजहून वाराणसी साधारण सव्वाशे किलोमीटर. तिथून गया सव्वादोनशे-अडीचशे. गयेपासून पाटणा शंभरेक किलोमीटर, आणि पाटण्याला मोठा विमानतळ आहे.

आता समजा, जाण्यायेण्याचं तिकीट प्रयागराजचंच काढलं. गयेला पिंडदान उरकलं की विमानासाठी पुन्हा साडेतीनशे किलोमीटर मागे जायचं. त्यात एक दिवस गेला, बहुधा एक मुक्कामही वाढला, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे हाल वेगळेच. पाटण्याहून परतलं तर हा उलटा फेरा पडत नाही. प्रयागराजची वेळ जमत नसेल तर वाराणसीला उतरा, आधी प्रयाग करून या आणि मग पुढे सरका. अयोध्याही हवी असेल तर सुरुवात तिथूनच करा. ३० डिसेंबर २०२३ पासून तिथेही नवा विमानतळ झाला आहे.

‘पण रिटर्न तिकीट स्वस्त पडतं ना?’ देशातल्या विमानांत बहुतेक वेळा जाण्याचं भाडं वेगळं आणि येण्याचं वेगळं धरून बेरीज केलेली असते. त्यामुळे दोन सुटी तिकिटं काढली म्हणून सहसा नुकसान होत नाही. परदेशाचं गणित वेगळं आहे. तिथे एकेरी तिकीट कधी कधी फार महाग पडतं. म्हणून लेकीकडे एका शहरात उतरून मुलाच्या शहरातून परतायचं असेल, तर ‘मल्टी-सिटी’ म्हणून एकाच तिकिटात बसवून घ्यावं. मात्र एकाच तिकिटावर जाण्याचं विमान चुकलं तर परतीचंही रद्द होऊ शकतं, हे आधीच विचारून ठेवा.

आपल्या बाजूलाही हीच युक्ती चालते. बीडला विमानतळ नाही, म्हणजे आपली गाडी कुठे उभी करून जायची भानगडच नाही. जाताना पुणे आणि येताना छत्रपती संभाजीनगर असं केलं तरी काय बिघडतं? एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत. जिथलं विमान स्वस्त आणि वेळेचं, तिथून जावं.

खरी मेख आहे ती मधल्या प्रवासात. प्रयागहून गाडी ठरवली आणि पाटण्याला सोडली, तर गाडीवाला रिकाम्या परतीचंही भाडं लावतो. विमानात वाचवलेलं तिथेच संपतं! म्हणून या टप्प्यांना रेल्वे बरी. सगळ्यांची जागा एकत्र हवी असेल तर आरक्षण लवकर करा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे दाट धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. त्या दिवसांत परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पाटण्यात पोहोचलेलं बरं. एका मुक्कामाचा खर्च बुडालेल्या तिकिटांपुढे काहीच नाही.

दोन्ही तिकिटांवर नाव आधारवर आहे तसंच हवं. आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर तिकिटावरही माहेरचंच. सासरचं नाव घालून मोकळं होऊ नका, विमानतळाच्या दारातच अडवतील.

आणि ओटीची पिशवी भरताना खोबऱ्याची वाटी, कापूर, काडेपेटी घरीच ठेवा. पेट घेणाऱ्या वस्तू म्हणून या विमानात नेऊ देत नाहीत. हे सगळं तिथे देवळाच्या दारात मिळतं. येताना गंगाजल आणाल ते घट्ट झाकणाच्या डब्यात, वरून पिशवी गुंडाळून, मोठ्या बॅगेत ठेवा. त्या बॅगेचं वजन देशातल्या विमानांत बहुधा पंधरा किलोपर्यंत चालतं, त्यामुळे पाच लिटरचा डबा एकीनेच घेऊन येण्यापेक्षा छोटे डबे वाटून घ्या.