पाय जमिनीला टेकला पाहिजे

माणसाने चाळिशीनंतर न्हावी आणि वाणी बदलू नये, असे माझे आजोबा म्हणत. मोटरसायकलचा त्यांनी उल्लेख केला नव्हता. कारण त्यांची सारी हयात सायकलवर गेली. त्यामुळे आठ वर्षे वापरलेली फटफटी देऊन टाकून दुसऱ्या कंपनीची घ्यावी की काय, हा प्रश्न जेव्हा माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा घरच्या परंपरेतून मला कसलाच आधार सापडेना.

जुन्या गाडीचे नाव मी येथे सांगणार नाही. जिच्या पाठीवर बसून आम्ही अर्धे कोकण पाहिले, तिची चारचौघांत झडती घेणे बरे नव्हे. शिवाय जे घडले त्यात दोष तिचा नव्हताच. तो माझा होता.

घडले ते असे. २०२४च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे निघालो होतो. सौभाग्यवती डबलसीट, दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या आणि हवेत सुरेख गारवा. एका वळणावर दरी फार छान दिसली, म्हणून मी गाडी कडेला घेतली. तिथे खडी पसरलेली होती आणि जमीन उतरती होती. हँडल वळलेले असतानाच मी पुढचा ब्रेक दाबला आणि पाय टेकवायला गेलो, तो जमीन माझ्या हिशेबापेक्षा चार बोटे खाली! वेग म्हणाल तर माणसाच्या चालीइतकाही नव्हता. पण दोनशे किलोंच्या घरातली गाडी एकदा कलू लागली, की ती कुणाचेही ऐकत नाही. मी कसाबसा बाजूला झालो. सौभाग्यवतींनी मात्र पडताना हात टेकला आणि मनगट मोडले.

खरी नामुष्की त्यानंतरची. गाडी उचलायला गेलो, तर ती तसूभरही हलेना. पत्नी रस्त्याच्या कडेला हात धरून बसलेली आणि मी त्या लोखंडाशी झटतो आहे, हे चित्र मी विसरू शकत नाही. अखेर दुधाच्या टेंपोतून जाणारे दोघे थांबले व त्यांनी गाडी उभी करून दिली.

सहा आठवडे प्लास्टर होते. त्या काळात पोळ्या मी केल्या आणि त्यांच्याविषयी घरात सर्वांनी मौन पाळले. प्लास्टर निघाले त्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, फिरणे मी सोडणार नाही. पण तुमच्या या गाडीवर मी पुन्हा बसायची नाही. पडली तर तुमची तुम्हाला उचलता येईल, अशी बघा."

आता या गाड्यांची जातकुळी वाचकांना थोडक्यात सांगितली पाहिजे. चांगल्या रस्त्यावर दूर जाणारी आणि रस्ता संपला तरी न अडणारी मोटरसायकल, अशी या वर्गाची कल्पना. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली 'आर ८० जी/एस' नावाची गाडी काढली, तेव्हापासून ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली. त्यातली 'जी' आणि 'एस' ही अक्षरे जर्मन भाषेत रानवाट आणि रस्ता यांसाठी आहेत. आपल्याकडे लडाखला लोक बुलेटवरून जातच होते. पण या कामासाठीच घडवलेली रॉयल एनफिल्डची 'हिमालयन' २०१६ साली आली आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात हा छंद आला.

या गाड्यांचे प्रत्येक सुख किंमत घेऊन येते. दगडावर पोट घासू नये म्हणून गाडी जमिनीपासून उंच हवी. साहजिकच सीटही उंच जाते. पुढचे चाक २१ इंची असेल तर ते खड्ड्यांवरून सहज जाते, पण डांबरी वळणावर जरा सावकाश वळते. १९ इंची चाक म्हणजे दोहोंमधली तडजोड. 'एबीएस' चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ओल्या डांबरावर ते जीव वाचवते. सुट्या मातीच्या उतारावर मात्र मागचे चाक थोडे अडून मातीत रुतावे लागते, म्हणून काही गाड्यांत मागच्या चाकापुरते ते बंद करण्याची सोय असते.

एवढे ज्ञान झाल्यावर मी चार उमेदवार निवडले आणि वहीत कोष्टक आखले. पहिली नवी हिमालयन, २०२३च्या नोव्हेंबरात आलेली: ४५२ सीसी, ४० अश्वशक्ती, वजन १९६ किलो, टाकी १७ लिटर, सीटची उंची ८२५ मिलिमीटर. दुसरी २०२५च्या जानेवारीत आलेली केटीएम ३९० ॲडव्हेंचर: ३९९ सीसी, ४६ अश्वशक्ती, वजन १८०च्या थोडे वर, सीट ८३०. तिसरी त्याच महिन्यातली हीरोची एक्सपल्स २१०: साडेचोवीस अश्वशक्ती, १६८ किलो, सीट पुन्हा ८३०. चौथी २०२२ची सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स: २४९ सीसी, साडेसव्वीस अश्वशक्ती, १६७ किलो, टाकी १२ लिटर, सीट ८३५.

कन्येचे मत पहिल्या दिवसापासून केटीएमला. "बाबा, शेहेचाळीस अश्वशक्ती! शिवाय आपल्या चाकणलाच बनते," ती म्हणाली. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी लगेच शंका काढली. २०२४च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियातली मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली होती. उद्या सुटे भाग मिळतील काय? पण २०२५मध्ये बजाजने पैसा ओतून ती सावरली. तेव्हा त्या भीतीपायी ती गाडी मी बाद केली नाही. ती बाद झाली ती दुसऱ्याच कारणाने.

ते कारण सौभाग्यवतींनी शिवणाच्या टेपने शोधले. तिने मला भिंतीशी उभे करून पायाची आतली लांबी मोजली. एकोणतीस इंच, म्हणजे ७३७ मिलिमीटर. कोष्टक पाहून ती म्हणाली, "सीट ८२५वर. मग मधले ८८ मिलिमीटर तुम्ही काय उडून भरून काढणार?"

मी तिला समजावले की माणूस बसला की स्प्रिंगा दबून गाडी थोडी खाली येते, बुटाचा तळवा काही भरून काढतो आणि सीट पुढच्या बाजूला अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो. हे सारे खरे होते. पण कागदावरचे होते. म्हणून आम्ही चारही दुकाने पालथी घातली. मी बसलो, मग ती मागे बसली. निष्कर्ष असा निघाला, की चारही गाड्यांवर माझ्या एका पायाचा पुढचा अर्धा तळवा टेकतो. हिमालयनला ८०५ची बुटकी सीट मिळते, तिच्यावर जरा अधिक. थोडक्यात, उंचीने निवाडा होईना. हलकी गाडी म्हणजे बुटकी गाडी, हा माझा समज साफ चुकीचा ठरला.

मग उरले वजन. १९६ आणि १६७ यांतला फरक २९ किलो. कोष्टकात हा आकडा किरकोळ दिसतो. पण भरलेला गॅस सिलिंडर साधारण एवढाच असतो. घाटात, खडीवर, कललेल्या गाडीवर तो सिलिंडर हवा की नको, असे विचारले की उत्तर आपोआप येते.

पण अश्वशक्तीचे काय? येथे मी पुष्कळ दिवस अडलो. मग आठ वर्षांत आपण हिंडलो कुठे, याची यादी केली. भोर, महाड, गुहागर, आंबोली, पन्हाळा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव, समृद्धी महामार्गावरही मज्जाव. मग चाळीस अश्व मी दौडवणार कुठे? लडाखला जायचे असते, पुढचा पेट्रोलपंप दूर असता, तर हिमालयनच्या १७ लिटरच्या टाकीपुढे मी हात जोडले असते. आमच्या वाटेवर चहाच्या टपऱ्यांइतके नसले तरी पेट्रोलपंप पुरेसे आहेत. त्यातच २२ सप्टेंबर २०२५पासून करही बदलला: ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. घरच्या जमाखर्चाची वही सौभाग्यवतींच्या हाती असल्यामुळे हा मुद्दा मला मांडावाही लागला नाही.

राहता राहिल्या दोन. एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंची आणि स्प्रिंगांची चाल लांब. कच्च्या वाटा तुडवणाऱ्या तरुणाला तीच शोभेल. आमचा बहुतेक प्रवास डांबरी, क्वचित एखाद्या वाडीपर्यंतची मातीची वाट. १९ इंची चाकाची व्ही-स्ट्रॉम त्याला पुरे होती, आणि मागची सीट सौ.ला ऐसपैस वाटली. ज्यांनी मनगट मोडून घेतले, त्यांचे मत दोन मतांबरोबर धरले गेले.

ठरले; तरी मन रुसलेलेच होते. गणिताचे सहकारी म्हणाले, "सर, चढत जायचे सोडून अडीचशे सीसीवर उतरता? ही तर पदावनती!" ते मला लागले. त्या रात्री मी स्वतःला विचारले, की ती जड गाडी मी एवढी वर्षे का ठेवली? प्रवासाला ती चांगली होती, यात शंका नाही. पण कॉलेजच्या आवारात ती लावताना मुले वळून बघत, हेही मला आवडत असे. वळून बघणाऱ्यांपैकी कोणीही आंबेनळीच्या वळणावर गाडी उचलायला येणार नव्हते.

२०२५च्या दसऱ्याला गाडी आली. सौभाग्यवतींनी पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात जुनी गादी पसरून म्हणाली, "आता आडवी करा." नवी गाडी मी हलकेच गादीवर निजवली. शेजारचे गृहस्थ गच्चीतून म्हणाले, "बरे नाही का तिला?" मी गाडी गियरमध्ये टाकली, तिच्याकडे पाठ केली, गुडघ्यांत वाकलो, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची कडी धरली आणि कंबर न वाकवता पायांच्या जोराने मागे रेटत गेलो. पहिल्या खेपेला जमले नाही. दुसऱ्या खेपेला गाडी उभी राहिली. सौभाग्यवतींनी गादी गुंडाळली आणि काही न बोलता आत गेली. संध्याकाळी तिचे हेल्मेट माझ्या हेल्मेटशेजारी खुंटीवर टांगलेले दिसले.

२०२६च्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच घाटाने निघालो. ते वळण आले. दरी तशीच सुरेख दिसत होती. मी तेथे थांबलो नाही. जरा पुढे सपाट जागा होती, तिथे हँडल सरळ ठेवून, मागचा ब्रेक दाबून गाडी उभी केली आणि डावा पाय खाली सोडला.

"टेकला?" मागून प्रश्न आला.

"टेकला," मी म्हणालो.

मग ती उतरली, आणि आम्ही दोघे मागे चालत जाऊन दरी पाहून आलो.