मोतीबिंदू काढल्यावर फोटो निळे का दिसतात?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की फोटोग्राफीचा नाद असलेल्या माणसाला एक धास्ती वाटते: आजवर एडिट केलेल्या फोटोंचे रंग चुकलेत की काय? माझं संशोधन रंगदृष्टीवर असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होतं आणि निळा प्रकाश अडवतं. पण हे इतकं सावकाश होतं की मेंदूही थोडाथोडा हिशेब बदलत राहतो आणि पांढरा कागद पांढराच दिसतो. कॅमेऱ्यातला ऑटो व्हाइट बॅलन्सच म्हणा ना! शिवाय समोरचं दृश्य आणि स्क्रीनवरचा फोटो, दोन्ही तुम्ही त्याच पिवळ्या काचेतून बघत होता. त्यामुळे चूक बरीचशी परस्पर कटते. कटत नाही ती गडद निळ्या-काळ्यातली आणि सावल्यांमधल्या बारकाव्यांतली. जुन्या फोटोंत काही खटकलं तर ते तिथेच खटकेल.

ऑपरेशनने काच एका दिवसात बदलते, हिशेब मात्र जुनाच राहतो. म्हणून जग निळसर दिसतं. डेलाहंट, वेब्स्टर, मा आणि वर्नर यांनी २००४ साली हे मोजून दाखवलं. रुग्णांनी पडद्यावरचा रंग अगदी पांढरा वाटेपर्यंत जुळवायचा, ऑपरेशनआधी आणि नंतरही. त्यांचा ‘पांढरा’ ऑपरेशननंतर सरकला आणि पुढच्या काही महिन्यांत हळूहळू जुन्या जागेकडे परतला. तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत जुना संग्रह ‘दुरुस्त’ करायला बसू नका.

(चित्रकार मोनेची गोष्ट इथे सगळे सांगतात. पण १९२३ मध्ये त्याचं भिंग काढलं तेव्हा आत बसवायला कृत्रिम लेन्स नव्हतीच. आजच्या लेन्स अतिनील किरण अडवतात, त्यामुळे ती तुलना जपूनच करावी.)

रंगांचं असं निभावतं. खरी काळजी फोकसची करा, कारण तो निर्णय कायमचा असतो. मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. ‘लांबचं’ निवडलंत तर डोंगर स्पष्ट, पण कॅमेऱ्यामागचा स्क्रीन बघायला चष्मा लागणार. ‘जवळचं’ निवडलंत तर उलट. मल्टिफोकल लेन्स प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देते. चष्मा सुटतो, पण कॉन्ट्रास्ट थोडा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्रीचे फोटो काढणाऱ्याला हा सौदा मी तरी सुचवणार नाही. व्ह्यूफाइंडरची चिंता नको, त्याच्या शेजारचं डायऑप्टरचं चाक फिरवून तो बहुतेक वेळा जुळतो.

लेन्सचा नंबर ऑपरेशनआधी डोळ्याची मापं घेऊन ठरतो. त्याआधीच डॉक्टरांना सांगा की कॅमेरा डोळ्याला लावता की हातात धरून स्क्रीनवर बघता, आणि एडिटिंगचा मॉनिटर किती अंतरावर असतो. टेप लावून मोजूनच जा.